कोर्टातली कामे आणि आपली मुले

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण खरी आहे. बांधाच्या चार बोटे जमिनीपायी दोन पिढ्या कोर्टात हेलपाटे घालून दमल्या, अशी घरे गावोगाव आहेत. पण ही म्हण भांडायला जाणाऱ्यासाठी आहे. तिथे कामधंदा करायला जाणाऱ्याला ती लागू नाही.

आपली मुले-मुली आता दहावी, बारावी होतात. पुढे काय, असा प्रश्न घरात पडतो. मास्तर, पोलीस, नर्स, कंडक्टर, एवढी नावे चटकन आठवतात. फार झालं तर एखादा म्हणतो, "पोराला वकील करू." पण कोर्टाच्या कामाला वकिलाशिवाय आणखी किती तरी माणसे लागतात. त्यांतली काही कामे सातवी शिकलेल्या माणसालाही मिळतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ते ठाऊक असण्याचा दुसराही उपयोग आहे. खेड्यातला माणूस कोर्टाच्या आवारात गेला की काळा कोट दिसेल त्याला वकील समजतो, आणि हातात कागद असेल त्याला साहेब समजतो. मग नको त्याच्या हातात पैसे पडतात. कोण काय काम करतो आणि त्याची भाकरी कुठून येते, हे कळले तर ते पैसे वाचतील. म्हणून या दोन्ही गोष्टी आम्ही इथे बरोबरच सांगतो.

चला, तालुक्याच्या कोर्टात शिरू.

दाराशी पट्टेवाला असतो. तो नावाचा पुकारा करतो. आपले नाव ऐकले की आत जायचे. पुकाऱ्याला माणूस हजर नसला तर त्याच्यावाचून काम पुढे जाऊ शकते. म्हणून चहाची तलफ आली तरी पुकारा होईपर्यंत दारापासून हलू नये. या पट्टेवाल्याच्या जागेला शिक्षण फार लागत नाही. २०२३ साली मुंबईच्या हायकोर्टाने राज्यातल्या जिल्हा कोर्टांसाठी मोठी भरती काढली होती. साडेचार हजारांहून जास्त जागा होत्या. त्यांत शिपाई आणि हमाल या जागांना सातवी पास एवढीच शिक्षणाची अट होती.

हमाल म्हटल्यावर कोणी नाक मुरडू नये. कोर्टाचा हमाल म्हणजे दप्तराची गाठोडी या खोलीतून त्या खोलीत नेणारा माणूस. त्या गाठोड्यात कुणाचे मृत्युपत्र असते, कुणाचे जमिनीचे खरेदीखत असते. एक कागद गहाळ झाला तर एका घराचे वाटोळे होते. जोखमीचे काम आहे.

आत न्यायाधीश उंच जागी बसलेले असतात. त्यांच्यापुढे खाली कारकून बसतात. एकजण त्या दिवशीच्या कामांची यादी सांभाळतो आणि पुढच्या तारखा टिपतो. लघुलेखक न्यायाधीशांचे बोलणे खुणांच्या लिपीत भराभर उतरवून घेतो आणि मागाहून टाइप करतो. दुसऱ्या खोलीत नाझर असतो. कोर्टात भरलेला पैसा त्याच्या ताब्यात. नकला देणारी शाखा वेगळी असते. निकालाची नक्कल हवी असेल तर तिथे अर्ज करावा लागतो.

कारकुनाला आता कनिष्ठ लिपिक म्हणतात. वर सांगितलेल्या भरतीत या जागेला पदवी मागितली होती. शिवाय टाइपिंग हवे होते. इंग्रजी मिनिटाला ४० शब्द आणि मराठी ३० शब्द. संगणकाचे प्रमाणपत्रही लागत होते. इथे आमचे एक सांगणे आहे. पदवीला तीन-चार वर्षे लागतात आणि टाइपिंग काही महिन्यांत येते. पण मुले पदवी घेऊन बसतात आणि टाइपिंग शिकत नाहीत. जाहिरात आल्यावर धावाधाव करतात. कॉलेजात असतानाच रोज तासभर टाइपिंग केले तर ही धावाधाव होत नाही. लघुलेखन त्याहून अवघड. त्याला चिकाटी लागते, पण ते येणारी माणसे थोडी, म्हणून त्याला मान आहे.

आता बेलिफ. खेड्याला सगळ्यांत जास्त दिसणारा कोर्टाचा माणूस हाच. हा कोर्टाचे समन्स घेऊन येतो. समन्स म्हणजे अमुक तारखेला हजर राहा, असे कोर्टाचे बोलावणे. बेलिफ गावात शिरला की काही घरांतली माणसे मागच्या दाराने निघून जातात. काही म्हणतात, "आम्ही घेत नाही जा!" समन्स घेतलेच नाही तर दावा चालणारच नाही, असे त्यांना वाटते.

हा फार मोठा गैरसमज आहे. तुम्ही समन्स नाकारले तर बेलिफ त्याची प्रत तुमच्या दाराला चिकटवतो. तसे कोर्टाला लिहून देतो. कोर्टाची खात्री पटली की समन्स तुम्हाला पोचले असे धरतात. मग तुम्ही तारखेला गेला नाहीत तर दावा एकतर्फी चालतो. समोरचा बोलतो, तुमच्या बाजूने बोलायला कोणी नसते. असा निकाल लागून शेत हातचे गेले की माणूस म्हणतो, "मला कुणी सांगितलंच नाही!"

समन्स घेतले म्हणजे काही कबूल केले, असे होत नाही. सही करावी आणि प्रत हातात घ्यावी. आता तुम्हाला वाचता येते. त्या कागदात तीन गोष्टी आधी शोधाव्या. कोर्टाचे नाव, दाव्याचा नंबर आणि हजर राहायची तारीख. बाकीचा मजकूर अवघड वाटला तर तो वकिलाकडून समजून घ्यावा. पण या तीन गोष्टी स्वतः वाचाव्या, म्हणजे दुसरा कोणी तुम्हाला खोटी तारीख सांगू शकणार नाही.

बेलिफाला वकिलीची परीक्षा लागत नाही. ऊन-पावसात गावोगाव हिंडायची तयारी लागते. लोकांच्या शिव्या ऐकून घ्यायची ताकद लागते. आणि जे घडले तेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो. घरी न जाताच "माणूस घरी नव्हता" असे बेलिफाने लिहिले तर कुणाचा तरी गळा कापला जातो.

पट्टेवाला, हमाल, कारकून, लघुलेखक, नाझर, बेलिफ आणि न्यायाधीश, या सगळ्यांना सरकार पगार देते. तुम्ही त्यांना काही द्यायचे नसते. समन्स बजावण्याची फी असते, नकलेची फी असते. ती कोर्टात रीतसर जमा होते. तिची पावती मागावी. बेलिफाच्या किंवा कारकुनाच्या हातात "चहापाणी" ठेवायचा कायदा कुठेही नाही. कोणी मागितलेच तर महाराष्ट्रात लाचलुचपत खात्याचा फोन नंबर १०६४ आहे.

आता बाहेर आवारात येऊ. इथली माणसे सरकारी पगाराची नाहीत. इथे टाइप करणारा बसतो, दस्त लिहिणारा बसतो, मुद्रांक म्हणजे स्टँपपेपर विकणारा बसतो. मुद्रांक विकायला सरकारचा परवाना लागतो. नोटरीची पाटी दिसते. नोटरी हा मुळात वकीलच. साधारण दहा वर्षे वकिली केल्यावर सरकार त्याला नोटरी नेमते. काही वर्गांना ही अट कमी वर्षांची आहे. तुम्ही त्याच्यासमोर सही केली, अशी तो साक्ष देतो. त्यात लिहिलेला मजकूर खरा आहे, असे तो सांगत नाही. नोटरीचा शिक्का पाहून जमिनीचा व्यवहार पक्का झाला असे समजणारे पुष्कळ फसले आहेत. जमिनीची खरेदी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावी लागते.

वकिलाचा कारकून हा आवारातला मोठा जाणता माणूस. कोणत्या खोलीत कोणता कागद द्यायचा, कोणत्या कामाला किती तिकिटे लावायची, हे त्याला तोंडपाठ असते. या कामाला पदवी लागत नाही. वकिलाच्या हाताखाली बसून ते शिकतात. पगार बेताचा असतो. पण हुशार पोरगं इथे पाच वर्षांत जेवढे शिकते तेवढे पुस्तकात मिळत नाही. मात्र कारकून म्हणजे वकील नव्हे. तो तुमच्या वतीने कोर्टापुढे बोलू शकत नाही.

आवारात आणखी एक माणूस असतो. त्याला पाटी नाही, टेबल नाही, परवाना नाही. एस.टी.तून उतरणारा माणूस तो लांबून हेरतो. "काय काम आहे बाबा? चला, माझ्या ओळखीचा वकील आहे. साहेब आपलेच आहेत." हा दलाल. तुमच्याकडून घेतो आणि वकिलाकडूनही घेतो. त्याला कायद्याच्या भाषेत टाउट म्हणतात. २०२३ साली वकिलांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अशा दलालांची यादी लावायचा अधिकार कोर्टांना त्यात दिला आहे. यादीत नाव लागल्यावरही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्हीही होऊ शकतात. आमच्या मते पाचशे रुपये दंड म्हणजे त्याची एका सकाळची कमाई. पण निदान हे काम बेकायदा आहे, एवढे तरी आपल्याला कळावे.

आता वकिलाकडे वळू. वकील होण्याच्या वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यास, किंवा कोणतीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा अभ्यास. महाराष्ट्रात दोन्हींसाठी सी.ई.टी. नावाची प्रवेशपरीक्षा असते. तिचे प्रश्न इंग्रजीत आणि मराठीत असतात. मराठी शाळेतल्या मुलाने घाबरायचे कारण नाही. आधीच्या परीक्षेत खुल्या वर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. मागासवर्गाच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी माफ केली. खाजगी विद्यापीठांना मात्र ती माफी लागू नाही. म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजात विचारून घ्यावे.

मुलीला कशाला वकील करायचं, असे म्हणणारे अजून भेटतात. कॉर्नेलिया सोराबजी या बाईंचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. १८९२ साली विलायतेत ऑक्सफर्डला त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पण बाईने कोर्टात उभे राहायचे नाही, असा तेव्हा दंडक होता. १९२३ साली कायदा झाला तेव्हा ती बंदी उठली. परीक्षेनंतर तीस वर्षे! मधल्या काळात बंगालमध्ये पडद्यात राहणाऱ्या बायकांच्या इस्टेटीची कामे त्यांनी पाहिली. परपुरुषाशी बोलायची बंदी असलेल्या विधवांचे गाऱ्हाणे बाईशिवाय कोण ऐकणार? आजही मार खाणारी, नवऱ्याने टाकलेली बाई पुरुष वकिलापुढे सगळे बोलत नाही. तिला बाई वकील हवी असते, आणि तालुक्याला ती पुष्कळदा मिळत नाही.

कायद्याची पदवी मिळाली की बार कौन्सिलात नाव नोंदवावे लागते. आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल आहे. या नोंदणीला आपण सनद म्हणतो. पूर्वी सनदेच्या वेळी निरनिराळ्या नावांनी हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात लिहिले आहे त्याहून जास्त घ्यायचे नाही. म्हणजे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्यानंतर सगळ्या देशासाठी एक परीक्षा असते. ती पास झाल्यावर वकिली चालू ठेवता येते.

इथपर्यंत सगळे कागदावर आहे. खरी परीक्षा पुढे असते. कोट अंगावर चढला की दुसऱ्या दिवसापासून पैसा येईल, असे घरच्यांना वाटते. तसे होत नाही. नवा वकील जुन्या वकिलाच्या हाताखाली बसतो. दोन-चार वर्षे बसण्याउठण्याचा खर्चही नीट निघत नाही. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विलायतेची बॅरिस्टरी मिळवून १९२३ साली मुंबईला वकिली सुरू केली. एवढा विद्वान माणूस, पण त्यांनाही १९२५ पासून एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला जोड द्यावी लागली. पुढे १९३५ साली ते सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. १९४७ साली घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले आणि कायदामंत्रीही झाले. कायदा चालवणे, शिकवणे आणि लिहिणे, ही तीन वेगळी कामे एका माणसाने केली. आजही कायदा शिकून कोणी प्राध्यापक होतो, कोणी बँकेत किंवा महानगरपालिकेत पगारी विधी अधिकारी होतो. म्हणून आम्ही सांगतो, जमीन विकून पोराला वकील करू नका. आधी घरात हिशेब मांडा. शिक्षणाची पाच वर्षे आणि वर आणखी तीन वर्षे हे पोरगं घरच्या भाकरीवर राहणार, हे आपल्याला झेपेल का? झेपत असेल तर खुशाल पाठवा.

वकिलाची भाकरी तुमच्या फीवर असते. म्हणून फी आधी ठरवावी आणि पावती मागावी. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचावे. धरणात, रस्त्यात जमीन गेली की काही ठिकाणी बोली होते, "पैसे मिळाले की चार आणे वाटा माझा." वकिलाला असा वाटा ठरवायची त्यांच्या नियमांनीच मनाई आहे.

सरकारी वकिलाची गोष्ट वेगळी. पोलिसांनी भरलेला खटला सरकार चालवते. फिर्याद तुमची असली तरी सरकारी वकिलाला तुम्ही फी द्यायची नसते. तालुक्याच्या फौजदारी कोर्टातला सहायक सरकारी वकील लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवडतात.

न्यायाधीशही त्याच आयोगाच्या परीक्षेतून निवडतात. तालुक्याला बसणारे दिवाणी न्यायाधीश ही न्यायाच्या शिडीची पहिली पायरी. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षे वकिली केलेली असावी. आम्हाला हे पटते. ज्याने पक्षकाराचे रडणे जवळून ऐकले नाही त्याने निकाल कसा द्यावा? मराठी चांगले येणे लागतेच, कारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या कोर्टांची भाषा मराठी आहे.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला. त्याचा दोष सत्तेवरच्या राघोबादादांवर त्यांनी तोंडावर ठेवला आणि पुणे सोडले. त्यांच्याविषयी असे सांगतात, की ते साताऱ्याजवळच्या माहुलीचे. विसाव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या घरी ते नोकर होते. मोठेपणी शिकायला काशीला गेले.

हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते. खालच्या कोर्टातले मराठी कागद तिथे इंग्रजीत करून द्यावे लागतात. म्हणून दोन्ही भाषा चांगल्या येणाऱ्या भाषांतरकाराला तिथे काम आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या माणसांना आता मुंबईची वारी करावी लागत नाही. तिथल्या मुलांना हे कामही जवळ आले आहे.

एक काम आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. ते मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे गरिबाला फुकट वकील मिळतो. महाराष्ट्रात वर्षाचे उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्याला तो मिळतो. बायकांना, लहान मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, अपंगांना आणि कैदेत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मिळतो. फोन नंबर १५१०० आहे. पण गावात हे सांगणार कोण? त्यासाठी २००९ पासून विधी स्वयंसेवक नेमण्याची योजना आहे. गावातल्या माणसाला अर्ज लिहून देणे, फुकट वकिलाची वाट दाखवणे, तडजोडीचा तंटा लोकअदालतीत न्यायला सांगणे, हे त्यांचे काम. पगार नसतो. कामाच्या दिवसाचे थोडे मानधन मिळते. म्हणजे पोटाचा धंदा म्हणून याच्याकडे पाहू नये. या कामाला वकिलीची पदवी लागत नाही. माणूस साक्षर असावा, मॅट्रिक असेल तर बरे, आणि वाचलेले समजून सांगता यावे, एवढी अपेक्षा असते. अंगणवाडीच्या बाई, बचत गटातल्या बायका, पेन्शनीतले मास्तर, कोणीही चालते.

चौकशी तालुका विधी सेवा समितीकडे करावी. ही समिती तालुक्याच्या कोर्टातच असते आणि तिथले वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. निवड झाली की आधी शिकवतात, मग ओळखपत्र देतात. आवारात शिरल्यावर समितीची पाटी शोधा. दलाल आडवा आला तर त्याला सांगा, "पाटी वाचता येते मला."